ठाणे खाडी: भरतीची वेळ आणि सँड प्लोव्हर – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. जानेवारीत ऐरोलीहून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात दिवसभर पक्षी बघायचे आहेत. दोन ठिकाणी अडलंय.

भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ मुंबईच्या अपोलो बंदरची असते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा चढतं. ऐरोलीसाठी किती मिनिटं वाढवायची? उधाणाला (मोठी भरती) आणि भांगाला (लहान भरती) तोच फरक धरायचा का? ओहोटीला तुतवार, पाणटिवळे असे चिखलातले पक्षी लांब चिखलात पांगतात आणि पाणी पार चढलं की उठून जातात. मधला चढत्या पाण्याचा वेळच कामाचा, तो हुकला तर रोहित (फ्लेमिंगो) सोडून फारसं काही जवळून दिसत नाही.

दुसरं, ग्रेटर आणि तिबेटन सँड प्लोव्हर हे चिखलातले सारखे दिसणारे छोटे पक्षी वेगळे ओळखणं. हिवाळ्यात दोन्ही वरून मातकट, खालून पांढरे. ग्रेटरची चोच लांब आणि जाड. पायांच्या रंगावर मात्र भरवसा नको, चिखल लागला की सगळ्यांचे काळेच. ऊन तापलं की हवा थरथरते. स्कोप (स्टँडवरची दुर्बीण) ६० पटीवर नेला की चोच आणखी पुसट होते, २५-३० पटच बरी. उडताना ग्रेटरचे पाय शेपटीबाहेर दिसतात, तसा इथला फोटो कुणाकडे आहे का? कृपया तारखेसह टाका.