सासऱ्यांनी बांधलेल्या पडवीवरून माझे सदस्यत्व जाऊ शकते का? कलम 14 (1) (ज-3) बाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य असून माझ्या पहिल्याच कार्यकाळात माझ्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 (1) (ज-3) व कलम 16 अन्वये विवाद अर्ज दाखल झाला आहे. शासकीय जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणाऱ्याने सदस्य राहू नये, ही तरतूद मला मान्य आहे आणि तिच्यामागचा हेतूही पटतो. परंतु जे बांधकाम मी केलेलेच नाही, ते माझे अतिक्रमण कसे ठरते, हे मला समजून घ्यायचे आहे.

आमचे घर सासऱ्यांनी माझ्या लग्नाच्या आधी बांधले. घराच्या पुढची पत्र्याची पडवी रस्त्याच्या जागेत येते, असा अर्जदाराचा आरोप आहे. सासरे 7 वर्षांपूर्वी वारले, तरी नमुना 8 ला आजही त्यांचेच नाव आहे, कारण वारस नोंदीचे काम आम्ही आज करू, उद्या करू म्हणत मागे टाकत आलो. घरपट्टी यजमान भरतात, पावती मात्र सासऱ्यांच्या नावाने निघते. आम्ही सर्व जण त्याच घरात राहतो, हे मी लपवत नाही.

अर्जासोबत ग्रामपंचायतीचा पंचनामा जोडला आहे. तो झाला त्या दिवशी मी तालुक्याला सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी गेले होते आणि मला नोटीसही मिळालेली नव्हती. शेजारच्या काकूंनी सांगितले की, हद्दीचा दगड कोणालाच न सापडल्याने टेपचे एक टोक गटाराच्या कडेला धरून मोजमाप घेतले गेले. पंचनाम्यात मात्र ‘पडवी रस्त्याच्या हद्दीत 4 फूट आहे’ असे ठामपणे लिहिले आहे. गटार म्हणजेच हद्द, हे कोणी ठरवले?

पुढील सुनावणीत मला लेखी म्हणणे द्यायचे आहे. त्याआधी पडवी उतरवून टाकावी असे यजमानांचे मत आहे, तर तसे केल्यास ती कबुलीच धरली जाईल अशी मला भीती वाटते. शिवाय ग्रामपंचायतीच्या पॅनेलवरील वकिलांना माझी बाजू मांडायला सांगता येईल का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

ताई, मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून काम केले आहे. वकिलांचा सल्ला घ्यालच, पण काही गोष्टी आत्ताच स्पष्ट असलेल्या बऱ्या.

‘बांधकाम मी केले नाही’ एवढ्याच मुद्द्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या एका निकालात ज्याने प्रत्यक्ष अतिक्रमण केले त्याच्यापुरतीच ही अपात्रता मर्यादित मानली होती आणि अनेक जण अजूनही त्याचाच आधार घेतात. मात्र सप्टेंबर 2018 मध्ये जनाबाई विरुद्ध अपर आयुक्त या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ नाकारला आणि कुटुंबातील व्यक्तीने केलेले अतिक्रमण पुढे चालू ठेवून त्याचा उपभोग घेणारा सदस्यही अपात्र ठरतो, असे सांगितले. तुम्ही त्याच घरात राहता, म्हणून हा निकाल तुमच्या विरोधात वाचला जाणार हे गृहीत धरा. सप्टेंबर 2024 च्या मनीषा पानपाटील प्रकरणात न्यायालयाने महिला सरपंचाची अपात्रता रद्द केली आणि लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीला, त्यातही ग्रामीण भागातील महिलेला, पदावरून दूर करणे इतके सहज घेऊ नये असे सुनावले, हे खरे. परंतु त्या सरपंचांचे म्हणणे आपण वेगळ्या भाड्याच्या घरात राहतो असे होते. तुमची वस्तुस्थिती तशी नाही.

म्हणून तुमची खरी लढाई अतिक्रमण आहे की नाही या मुद्द्यावर आहे, आणि तिथे तो गटाराच्या कडेचा टेप तुमच्या कामाला येईल. नमुना 8 ही कर आकारणीची नोंदवही आहे; तिच्यावरून मालकी सिद्ध होत नाही आणि हद्दही ठरत नाही. तुमच्या गावठाणाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिका आणि नकाशा काढून घ्या. झाली नसेल, तर भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडे मोजणीचा अर्ज करा, त्याची पोच लेखी म्हणण्यासोबत जोडा आणि मोजणी होईपर्यंत निर्णय देऊ नये अशी विनंती करा. पंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या उलटतपासणीची मागणीही लेखीच करा. कलम 16 मध्येच म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय आदेश करता येत नाही असे म्हटले आहे, तेव्हा नोटीस न देता झालेल्या पंचनाम्याचा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात घ्या.

पडवी आत्ता उतरवू नका, असे माझे मत आहे. मोजणीआधी ती गेली, तर ती हद्दीच्या आत होती हे दाखवण्याचा तुमचा स्वतःचाच पुरावा जाईल. मोजणीत बाहेर निघाली तर स्वतः काढा आणि तसा पंचनामा करून घ्या, पण तेवढ्याने अर्ज निकाली निघेल असे समजू नका.

ग्रामपंचायतीचा वकील मात्र मुळीच घेऊ नका. वाद तुमच्या व्यक्तिगत पात्रतेचा आहे, आणि रस्त्यावरील अतिक्रमण काढण्याची जबाबदारी कलम 53 प्रमाणे ग्रामपंचायतीची असल्याने तिची बाजू तुमच्या विरोधात जाऊ शकते. या घराचा विषय मासिक सभेत आला तर सभागृहाबाहेर थांबा आणि तशी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावा. निकाल विरोधात गेल्यास अपिलाची मुदत निर्णयाच्या दिनांकापासून 15 दिवसांचीच आहे. आदेशाची प्रत मिळण्यात त्यातले निम्मे दिवस जातात, म्हणून नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका.

मूळ लेखिकेचे उत्तर

काका, मनःपूर्वक आभार. आज भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी केली. गावठाणाची ड्रोन मोजणी झालेली असून नकाशा उपलब्ध आहे. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला आहे. त्याच नकाशात रस्त्याची रुंदी गटारासह दाखवली आहे की गटार सोडून, हे तिथल्या लिपिकालाही सांगता आले नाही. प्रत हाती आल्यावर हा मुद्दा कसा मांडावा, यासाठी पुन्हा इथेच विचारीन.