य = −३ साइन(२क्ष − पाय/३) + १ : आलेख नेमका किती सरकतो?

प्रश्न
नमस्कार. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून आता अकरावीत त्रिकोणमितीय फलांचा अभ्यास करताना मी वरील समीकरणापाशी अडलो आहे. आयाम −३, आवर्तकाल पाय आणि आलेख उजवीकडे पाय/३ सरकलेला, असे माझे उत्तर आहे. वर्गमित्राच्या मते तो डावीकडे पाय/३ सरकतो, तर पुस्तकात उजवीकडे पाय/६ असे उत्तर दिले आहे. यांपैकी कोणते बरोबर आणि का?

पहिले उत्तर
आवर्तकाल तुम्ही बरोबर काढला आहे. आयाम म्हणजे मध्यरेषेपासूनचे सर्वाधिक अंतर, त्यामुळे तो ऋण असू शकत नाही; तो ३ आहे, आणि ऋण चिन्हाचा अर्थ इतकाच की लाट मध्यरेषेवरून आधी वर चढण्याऐवजी खाली उतरते. मध्यरेषा य = १ असल्याने फलाच्या किमती −२ ते ४ यांदरम्यान राहतात.

सरकण्याबाबतची तुमची चूक फार विद्यार्थ्यांकडून होते, म्हणून तिच्याकडे नीट लक्ष द्यावे. पाय/३ ही संख्या क्षमधून नव्हे, तर २क्षमधून वजा झालेली आहे. म्हणून आधी २ सामाईक काढून कंस २(क्ष − पाय/६) असा लिहावा, म्हणजे आलेख उजवीकडे पाय/६ सरकला आहे हे स्पष्ट दिसते. तेथून पाव आवर्तकाल पुढे, क्ष = ५पाय/१२ येथे, नीचतम किंमत −२ मिळते आणि ११पाय/१२ येथे उच्चतम किंमत ४ मिळते.

दुसरे उत्तर
वरील विवेचन योग्य आहे, परंतु वर्गमित्राचे उत्तरही चुकीचे नाही. कोणत्याही कोनाच्या साइनचे चिन्ह बदलणे म्हणजे त्या कोनात पाय मिळवून साइन घेणे; त्यामुळे हेच समीकरण य = ३ साइन(२क्ष + २पाय/३) + १, म्हणजेच य = ३ साइन २(क्ष + पाय/३) + १ असेही लिहिता येते. या रूपात लाट −पाय/३ पासून वर चढू लागते. दोन्ही आरंभबिंदूंमध्ये पाय/२, म्हणजे बरोबर अर्ध्या आवर्तकालाचे अंतर आहे आणि आलेख एकच आहे. म्हणून सरकणे सांगताना समीकरणाचे कोणते रूप घेतले, हेही अवश्य लिहावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. माझ्या उत्तराप्रमाणे क्ष = पाय/३ येथे आलेख मध्यरेषेवर असायला हवा होता, परंतु ती किंमत समीकरणात घातल्यावर य सुमारे −१.६ आला. वर्गमित्राला आजच कळवतो.