आईची हेअरलाइन मागे सरकली, भुवयाही गेल्या. हे मलाही होणार का?

मुक्ता३२: आईच्या कपाळावरचे केस पाळी गेल्यापासून मागे मागे जात होते, वयानुसार होतं म्हणून कोणी लक्षच दिलं नाही. भुवया तर त्याच्याही आधी विरळ झालेल्या, रोज पेन्सिल फिरवायची. आता बायोप्सीत फ्रंटल फायब्रोसिंग ॲलोपेशिया (कपाळाच्या काठावरचे केस व्रण होऊन जाण्याचा आजार) निघालं, डॉक्टर म्हणाले गेलेले केस परत येणार नाहीत. मावशीचंही कपाळ हल्ली तसंच दिसतंय म्हणून मला जास्त टेन्शन आलंय. हे रक्तातूनच येतं का? आणि एकीने सांगितलं सनस्क्रीनमुळे होतं, मग ते बंद करायचं का?

स्किनवाली_ताई: मुक्ता, आधी घाबरू नकोस. घराण्यात दोघी-तिघींना झालेलं दिसतं, पण आईला झालं म्हणून मुलीला होणारच असं अजिबात नाही. २०१९ मध्ये या आजारावर मोठा जनुकीय अभ्यास आला, त्यात प्रतिकारशक्तीशी संबंधित जीनचा एचएलए-बी०७ नावाचा प्रकार ठळक दिसला आणि इस्ट्रोजेनच्या विघटनाशी संबंधित सीवायपी१बी१ हे जीनही. पण एचएलए-बी०७ असलेली कितीतरी माणसं आहेत जगात, बहुतेकांच्या केसाला धक्काही लागत नाही. शिवाय हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला १९९४ मध्ये, ऑस्ट्रेलियात त्वचारोगतज्ज्ञ कोसार्ड यांनी, पाळी गेलेल्या सहा बायकांमध्ये, आणि आता जगभर सापडतोय. एवढ्या थोड्या वर्षांत जीन्स काही बदलत नाहीत, म्हणून बाहेरच्या कारणांचा शोध चालू आहे.

केस परत का येत नाहीत तर मुळाच्या वरच्या बाजूला एक फुगवटा असतो, नवीन केस तयार करणाऱ्या स्टेम सेल्स तिथे असतात, आपलीच प्रतिकारशक्ती त्यावर उलटते आणि तिथे व्रण होतो. चाईत हल्ला खाली मुळाशी होतो, फुगवटा शाबूत राहतो, म्हणून चाईतले केस येऊ शकतात.

रानवारा: सनस्क्रीनबद्दल, प्रश्नावल्या भरून घेतलेल्या अभ्यासांत या बायका चेहऱ्याला सनस्क्रीन, क्रीम जास्त लावतात असं दिसलं खरं, पण त्यावरून कारण तेच असं सिद्ध होत नाही. सनस्क्रीनमधल्या टायटॅनियम डायऑक्साइडचे कण केसांवर मिळाले म्हणून गाजावाजा झाला, ते तर आजार नसलेल्यांच्या केसांवरही मिळालेत. आईला ऊन सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारून कपाळाच्या काठापासून थोडं लांब लावा, बाहेर पडताना डोक्यावर ओढणी किंवा टोपी.

अटलांटाकर: इथे आफ्रिकन वंशाच्या बायकांमध्ये माथ्यावरून सुरू होणारा व्रणवाल्या केसगळतीचा दुसरा प्रकार खूप बघते. वर्षानुवर्षं त्यांनाच दोष दिला गेला, घट्ट वेण्या घालता, केस सरळ करायची केमिकल्स लावता म्हणून. मग २०१९ मध्ये पॅडी३ जीनमधले बदल तपासलेल्या साधारण पाव रुग्णांमध्ये मिळाले, हे जीन केसाची दांडी घडवायला लागतं. म्हणजे जन्मतःच नाजूक केस आणि त्यावर ओढाताण, दोन्ही मिळून. त्या बायकांना विनाकारण किती ऐकावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं.

मुक्ता३२: खूप धन्यवाद सगळ्यांना. मावशीचं काय करू?

स्किनवाली_ताई: लगेच दाखवा, थांबू नका. कपाळावर सुटे एकेकटे केस राहिलेत का, केसाभोवती लाली किंवा कोंड्यासारखी खपली आहे का बघ. डॉक्टर डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) केसांची छिद्रं बुजलीत का ते पाहतील. बायोप्सी सांगितली तर ती जिथे आजार चालू आहे त्या काठावरून घेतात, पूर्ण गुळगुळीत झालेल्या जागेतून नुसता व्रणच मिळतो. आणि आईला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध चालू केलं असेल तर तिच्या डोळ्यांची तपासणी करून ठेव, त्याचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. हेअर ट्रान्सप्लांटच्या जाहिरातींना सध्या फोनच करू नका, आजार शांत व्हायच्या आत केलं तर लावलेले केसही जातात.