मदत हवी आहे: किडनी संशोधकाचा प्रभाव लेखात मांडायचा कसा?

मंडळी, मराठी विकिपीडियासाठी अँड्र्यू लेव्ही यांच्यावर लेख लिहितेय. बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधले किडनीतज्ज्ञ. चरित्राचा भाग झाला, गाडी अडलीय ती ‘संशोधन आणि प्रभाव’ या परिच्छेदात.

रक्ताच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या खाली ईजीएफआर नावाचा आकडा असतो ना, किडनी मिनिटाला किती मिलिलिटर गाळते त्याचा अंदाज? तो तिथे छापला जाऊ लागला यात या माणसाचा मोठा वाटा आहे. त्याआधी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं १९७६ चं सूत्र चालायचं. ते २४९ पुरुषांवर बेतलेलं; बायकांसाठी सरसकट १५ टक्के कमी धरायचे. शिवाय त्यात वजन लागतं, आणि लॅबकडे नमुना येतो, वजन येत नाही. लेव्ही आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १,६२८ रुग्णांच्या माहितीवरून, वजन न लागणारं एमडीआरडी नावाचं समीकरण मांडलं. २००२ मध्ये त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या गटाने जुनाट किडनीविकाराची व्याख्या आणि पाच टप्पे ठरवले. ईजीएफआर तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो आजार, हे तिथूनच रुळलं.

आता हे सायटेशनच्या, म्हणजे इतर निबंधांनी दिलेल्या संदर्भांच्या आकड्यांत कसं दाखवू? लॅबनी जे उचललं ते एमडीआरडीचं चार घटकांचं सुटसुटीत रूप: क्रिएटिनिन, वय, लिंग आणि वंश. ते २००० साली परिषदेतल्या एका छोट्या सारांशात आलं होतं, पण लोक संदर्भ देतात १९९९ च्या निबंधाचा. रोजच्या रिपोर्टवर तर कुणाचंच नाव नसतं. कल्पना अंगवळणी पडली की मूळ लेखकाचं नाव गळून जातं, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी सांगून ठेवलंय. इथे ते डोळ्यांसमोर घडताना दिसतं. उलट बाजूने, टीकेचे संदर्भही त्याच बेरजेत जातात. लेव्हींच्याच गटाच्या पुढच्या, २००९ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात कृष्णवर्णीय रुग्णाचा आकडा १.१५९ ने गुणायचे. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची आणि पुढचे उपचार लांबण्याचा धोका असायचा. त्यावरचे आक्षेपही सायटेशनच. एच-इंडेक्सला (किती निबंधांना निदान तितकेच संदर्भ मिळाले, तो आकडा) यातलं काहीच दिसत नाही. लेखक पहिला की तिसावा, हेही नाही.

स्वतःचं अनुमान लेखात चालत नाही, आणि नुसता एच-इंडेक्स टाकून मोकळं व्हायला मन घेत नाही. वाचकाला हा प्रभाव कळेल असा आधार कुठे मिळेल?

प्रतिसाद

ताई, आकडा द्यायचाच असेल तर कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला ते लिहाच. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, सारांश सगळं धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संदर्भसूची निवडक साहित्यच धरतात. त्यामुळे तिन्हीकडचे आकडे जुळायचे नाहीत. आणि शोधताना मधलं आद्याक्षर ‘एस’ टाकायला विसरू नका. याच आडनावाचे आणि पहिलं आद्याक्षरही तेच असलेले अल्झायमरवर काम करणारे संशोधक आहेत, त्यांचे निबंध सहज मिसळतात.

तुमचा खरा आधार मार्गदर्शक तत्त्वांत आहे. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०१२ ची तत्त्वं घ्या. २००२ ची चौकट ठेवून लघवीतल्या अल्ब्युमिनची पातळी तिथे वर्गीकरणात जोडली. मग नॅशनल किडनी फाउंडेशन आणि अमेरिकन सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजी यांच्या कृतिगटाचा २०२१ चा अहवाल. वंशाचा गुणक काढलेलं नवं सूत्र वापरा, अशी शिफारस त्यात आहे. दुसऱ्यांनी लिहिलेले दस्तऐवज आहेत, तेव्हा अनुमानाचा प्रश्नच येत नाही. टीकेलाही एक स्वतंत्र परिच्छेद द्या. वंशाचा मुद्दा आहेच, शिवाय वयोमानाने ईजीएफआर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांवर ६० च्या रेषेमुळे उगाच आजाराचा शिक्का बसतो, हा आक्षेपही जुना आहे.

धागाकर्ती

खूप आभार, दोन्ही आजच वाचायला घेते. एकच विचारायचं राहिलं: २०२१ च्या सूत्राच्या निबंधात पहिलं नाव लेस्ली इंकर यांचं आहे, लेव्ही शेवटी. मग ते लेव्हींच्या कामात धरायचं का?

प्रतिसाद

धरा, पण ‘इंकर आणि सहकारी, त्यांत लेव्ही’ असं लिहा. वैद्यकीय निबंधात शेवटचं नाव बहुधा ज्येष्ठ मार्गदर्शकाचं असतं, तेही तिथेच एका वाक्यात सांगून टाका.