विषय: वर्गातल्या प्रकल्पासाठी ग्रँट, कुणी मिळवली आहे का?

नमस्कार मंडळी,

मी यंदापासून इथे अमेरिकेत पब्लिक (म्हणजे सरकारी) शाळेत चौथीला शिकवते. मुलांकडून वर्षभर पाऊस, वारा आणि तापमानाच्या नोंदी करून घ्यायच्या डोक्यात आहे. पर्जन्यमापक, थर्मामीटर, वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र, वह्या असं धरून हिशोब ८०० डॉलरवर जातो. प्रिन्सिपल म्हणतात, कल्पना छान आहे, पण पैसे नाहीत. पेन्सिली, डिंक, टिश्यू आधीच माझ्या पर्समधून चाललेत, त्यामुळे नवरा हल्ली "पावती ठेव" एवढंच म्हणतो. नेटवर ग्रँटच्या लांबलचक याद्या आहेत, पण दोनतीन ठिकाणी जाऊन पाहिलं तर योजना कधीच बंद झालेली. प्रत्यक्ष पैसे मिळालेलं कुणी आहे का इथे?

चौथीची बाई

*

ताई,

पावत्या ठेवाच. शाळेत वर्षाला निदान ९०० तास काम करणाऱ्या शिक्षकाला वर्गासाठी केलेल्या पदरच्या खर्चावर फेडरल टॅक्समध्ये ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळते (२०२२ ते २०२५ या वर्षांसाठी ती मर्यादा ३०० डॉलर होती, त्याआधी २५०). पण ती वजावट उत्पन्नातून होते, टॅक्समधून नाही. प्रत्यक्षात वाचतात ते चाळीस-साठ डॉलर, त्यात वारा मोजून होणार नाही.

मी अठरा वर्षं मिडल स्कूलला विज्ञान शिकवलं. पहिला अर्ज सूक्ष्मदर्शकांसाठी केला होता. आमचे जुने झालेत, भिंगांवर ओरखडे आहेत, सहा नवे द्या, असं दोन पानं रडगाणं. नकार आला. पुढच्या वर्षी सूक्ष्मदर्शक तेच, किंमतही तीच. या वेळी लिहिलं, की सातवीची मुलं दर पंधरवड्याला ओढ्याचं पाणी आणतील, एका थेंबात दिसणारे जीव मोजतील, पावसाआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा आलेख काढतील आणि तो पाचवीच्या मुलांना समजावून सांगतील. मंजूर! अर्ज वाचणारी माणसं एका बैठकीत पन्नास अर्ज उपसतात. तुमच्या वर्गात मंगळवारी सकाळी दहा वाजता काय चाललेलं असेल ते त्यांना दिसलं पाहिजे, सामानाची यादी मागाहून येते.

मागायचं कुठे, तर आधी तुमच्या डिस्ट्रिक्टचं (म्हणजे तुमच्या भागातल्या पब्लिक शाळा चालवणाऱ्या संस्थेचं) एज्युकेशन फाउंडेशन आहे का ते बघा. अशी फाउंडेशनं डिस्ट्रिक्टपासून स्वतंत्र असतात, पुष्कळ ठिकाणी पालक आणि माजी विद्यार्थी ती चालवतात. रक्कम छोटी, पण स्पर्धाही तुमच्याच डिस्ट्रिक्टपुरती. लोक हे सोडून थेट देशभरच्या ग्रँटमागे लागतात आणि दमतात. पीटीएला (पालक-शिक्षक संघटनेला) पण विचारा, तिथे कधी कधी एका ईमेलवर काम होतं.

मग डोनर्सचूज, वर्गाच्या सामानासाठी लोकांकडून देणग्या गोळा करणारी वेबसाइट. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समधल्या चार्ल्स बेस्ट नावाच्या इतिहासाच्या शिक्षकाने २००० साली सुरू केली, पब्लिक शाळांसाठी. तिथे रोख काही मिळत नाही. तुम्ही यादी टाकायची, पैसे जमले की तेच सामान घेऊन शाळेत पाठवतात, आणि नंतर फोटो आणि आभाराचं पत्र द्यावं लागतं. चार महिन्यांत जमले नाहीत तर प्रकल्प उतरवतात, म्हणून ८०० चा एक टाकण्यापेक्षा ४००-४०० चे दोन टाका. (२०१८ मध्ये रिपल कंपनीने साइटवरचे झाडून सगळे प्रकल्प एकदम भरून टाकले होते, ३५ हजारांच्या वर, २ कोटी ९० लाख डॉलर. त्या आठवड्यात माझा एकही प्रकल्प टाकलेला नव्हता.)

तोशिबा अमेरिका फाउंडेशन पाचवीपर्यंतच्या विज्ञान-गणिताच्या प्रकल्पांना १,००० डॉलरपर्यंत देत आलंय. तुमचा आकडा त्यात बसतो. योजना चालू आहे का आणि मुदत काय, ते त्यांच्याच साइटवर बघा, कुणाच्या यादीवर विसंबू नका. फंड फॉर टीचर्सचं नाव दिसेल, ते शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्यासाठी आहे, सामानासाठी नाही.

आणि एक. अर्ज पाठवण्याआधी शाळेच्या ऑफिसला विचारा. मी एकदा डिजिटल हवामानयंत्र मिळवलं, अगदी तुमच्यासारख्याच प्रकल्पासाठी. ते वायफायशिवाय चालत नव्हतं आणि शाळेच्या नेटवर्कला बाहेरचं यंत्र जोडायला आयटीची परवानगी लागते हे मला खोकं उघडल्यावर कळलं. वर्षभर ते कपाटात पडून होतं, वर देणगीदाराला रिपोर्ट लिहायचा होताच. साधा, मुलांनी हाताने रिकामा करायचा पर्जन्यमापक घ्या.

विज्ञानवाली

*

आपल्या मंडळाचा खजिनदार म्हणून थोडं लिहितो. सभासदांपैकी कुणाला परस्पर मदत करायची असेल तर चेक शाळेच्या किंवा डिस्ट्रिक्टच्या नावाने द्या आणि मेमोमध्ये (चेकवरच्या टिपेच्या ओळीत) वर्ग आणि प्रकल्प लिहा. बाईंच्या खात्यात पाठवलेले पैसे टॅक्सच्या दृष्टीने देणगी ठरत नाहीत, शिवाय उद्या त्यांनाच उत्तरं देत बसावं लागेल. तुमची कंपनी तुमच्या देणगीत आपल्याकडून भर घालते का तेही बघा. बऱ्याच कंपन्या पब्लिक शाळांना देतात, काही तर शाळेत स्वयंसेवक म्हणून घालवलेल्या तासांचेही पैसे देतात. फॉर्म भरायचा आळस म्हणून दरवर्षी हे पैसे सोडणारे आपल्यातच आहेत, मी त्यातला एक. मंडळाकडून काही देता येईल का ते कार्यकारिणीपुढे ठेवतो. बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोवर थांबू नका.

खजिनदार

*

ताई, दादा, खूप आभार. ऑफिसला विचारलं. सामान डिस्ट्रिक्टच्या मालकीचं होईल, मी शाळा बदलली तर ते इथेच राहील, असं म्हणाले. चालेल. अर्जाची सुरुवात अशी केली आहे:

"या प्रकल्पामुळे विद्यार्थ्यांना हवामानाचे सर्वांगीण आकलन होऊन त्यांच्यात वैज्ञानिक दृष्टिकोन रुजेल. रोज सकाळी दोन विद्यार्थी बाहेर जाऊन पावसाची नोंद घेतील आणि फळ्यावर लिहितील. शुक्रवारी वर्ग पुढच्या आठवड्याचा अंदाज बांधेल आणि सोमवारी तो कुठे चुकला ते तपासेल."

*

पहिलं वाक्य उडवा. "दोन विद्यार्थी" पासून सुरू करा. शुक्रवारचा अंदाज सोमवारी कसा तपासणार, आठवडा जायचाय अजून! "पुढच्या शुक्रवारी" करा. अंदाज चुकला हे तपासणं मात्र सुंदर आहे, त्यावर आणखी दोन ओळी लिहा. आणि ८०० मध्ये शिपिंग धरलंय का?

विज्ञानवाली

*

नव्हतं धरलं. ८६२ झाले.