मदत हवी आहे: उभ्या गाडीचा करंट कुठे मुरतोय?

घणसोली, पेट्रोल हॅचबॅक, पार्किंग उघड्यावर. ३५ एएच (अँपिअर-तास) क्षमतेची बॅटरी पूर्ण चार्ज असते (१२.६ व्होल्ट), तरी तीन-चार दिवस गाडी हलली नाही की स्टार्टर नुसता टकटक करतो.

निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून, दाराचा लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवून (म्हणजे गाडीला दार बंद वाटतं) अर्धा तास थांबलो. गाडीतली मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, झोपेपर्यंत आकडा फसवाच येतो. तरी ३२० मिलिअँपिअर! पन्नासच्या आत हवा.

फ्यूज उपटले नाहीत, परत बसवताना मॉड्यूल जागं होतं. प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांत मिलिव्होल्ट मोजले. रूम लॅम्प आणि सेंट्रल लॉकिंगच्या १५ अँपिअर फ्यूजवर दीडएक मिलिव्होल्ट, म्हणजे करंट त्यातूनच वाहतोय; बाकी शून्य. अल्टरनेटरची जाड वायर सोडवूनही फरक नाही, म्हणजे अल्टरनेटरमधले, करंट उलटा जाऊ न देणारे डायोड ठीक.

डॅशखालच्या बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या (दिवे, लॉक वगैरे सांभाळणारं युनिट) कनेक्टरच्या पिना हिरवट आहेत. पावसाचं पाणी काचेखालच्या जाळीतून झिरपलं असावं. कनेक्टर काढला की करंट पडतो. पण गळती मॉड्यूलमध्ये, की पुढे दाराच्या रबरी नळीतल्या वायरमध्ये, हे वेगळं कसं काढायचं? अंदाजाने मॉड्यूल बदलायचं नाही. ठाणे-नवी मुंबईत वायरिंग डायग्राम वाचून काम करणारा इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर कृपया सुचवा.