उ: विमानतळांची सुरक्षा : विचारणारं कोण?

विमानतळांवर सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल) प्रवाशांची तपासणी करते. 'सीआयएसएफच नियम करते, सीआयएसएफच तपासते' असं काही जण म्हणतात, ते पटलं नाही. नियम करते ब्युरो ऑफ सिव्हिल एव्हिएशन सिक्युरिटी (बीसीएएस). सीआयएसएफचे जवान ते राबवतात. १९७८ मध्ये बीसीएएस म्हणजे डीजीसीएमधला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातला) एक छोटा कक्ष होता. एअर इंडियाच्या कनिष्क विमानातल्या १९८५ च्या बॉम्बस्फोटानंतर, १९८७ मध्ये, तो स्वतंत्र विभाग झाला. सीआयएसएफ विमानतळांवर आली ती १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर, २००० साली, आणि सुरुवात जयपूरपासून. त्याआधी हे काम राज्यांचे पोलीस करत.

सुरक्षा तपासणी झाली की हँडबॅगेच्या टॅगवर मारायचे तो गोल शिक्का आठवतोय? एकदा माझ्या पिशवीच्या टॅगचा दोरा तुटला, टॅग कुठे पडला कळलंच नाही. बोर्डिंगच्या रांगेतून उलटा पळत तपासणीला गेलो, पुन्हा बेल्टवर पिशवी, पुन्हा शिक्का. मागचे लोक काय बोलले ते इथे लिहीत नाही. जवानाला म्हटलं, "अहो, आत्ताच तर तपासलीत!" तो शांतपणे म्हणाला, "साहेब, नियम आमचा नाही." खरंच नव्हता. २०१७ मध्ये मुंबई, दिल्लीसह काही मोठ्या विमानतळांवर शिक्का बंद झाला, तोही बीसीएएसच्या मंजुरीनेच.

माझ्या मते खरी गोम वेगळीच आहे. बीसीएएस नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली, सीआयएसएफ गृह मंत्रालयाखाली. विमान कंपनी चुकली तर दंड ठोकता येतो, विमान कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने त्याची कमाल मर्यादा १ कोटी रुपयांवर नेली. पण दुसऱ्या मंत्रालयाच्या दलाला कान धरून विचारायचं कुणी?